तिसऱ्या मजल्यावरची फिरती पाटी

शिझुयो कुवाबाराला त्या वर्षीच्या शरदात एक नवीच चैन परवडू लागली होती. ती दुपारी बसून जेवायची.

ज्याने कधी इस्पितळात नर्सचं काम केलंय, त्याला ही चैन केवढी मोठी ते सांगायला नको. गेली एकवीस वर्षं शिझुयो खोऱ्यातल्या त्या एकुलत्या एका इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर होती आणि एकवीस वर्षं तिने भाताची वळलेली मूठ उभ्यानेच, दोन घासांत गिळली होती. पेशंटने उशाशी लटकणारं बटण दाबलं की नर्सच्या खिशातला फोन लहान मुलांच्या खेळण्यासारखी एक गोड धून वाजवायचा. घरी गरम पाण्याच्या टबात बसली तरी शिझुयोला ती ऐकू यायची आणि ती ओल्या अंगाने उठून उभी राहायची. सकाळी भरून नेलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच्या तशी घरी यायची. नवरा म्हणायचा, "बाटलीला रोज फिरवून आणतेस होय?"

सप्टेंबरात मजल्यावरच्या दिवसपाळीच्या पाच नर्सपैकी एक शहरातल्या मोठ्या इस्पितळात निघून गेली आणि तिची जागा कुणी भरली नाही. चाळीस खाटा आणि चौघीजणी. आता आपलं काही खरं नाही, असं म्हणत शिझुयोने बुटांच्या नाड्या आवळल्या; आणि झालं भलतंच. बेल कमी वाजू लागली. रोज थोडी कमी. ऑक्टोबर संपेपर्यंत ती निम्म्यावर आली. का, ते शिझुयोने कुणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे पुढे तिच्या मनाला फार लागलं. पण त्या दिवसांत ती आपली खूश होती.

खूश असलेला आणखी एक माणूस होता. इस्पितळाचे कारभारी हिरोसे-सान. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी ते बैठकीत एक आलेख घेऊन आले. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक बेलची नोंद होते, त्यावरून काढलेला.

"बघा," ते म्हणाले, "पाचाच्या चार झाल्या आणि तक्रार एक नाही. उलट बेल निम्मी! म्हणजे माणसं जास्तच होती की. एक डिसेंबरपासून तिघी पुरतील. चौथीला आपण खाली ओपीडीत घेऊ."

मुख्य परिचारिका नागुमो-सान टेबलाकडे बघत राहिल्या. असल्या बैठकांत बोलून काही होतं यावरचा त्यांचा विश्वास कधीच उडाला होता. शिझुयोही गप्प बसली. कोणत्या तोंडाने बोलणार? बेल कमी झाली होती हे खरंच होतं आणि तिचं दुपारचं जेवण त्याला साक्षी होतं.

पण तिघींचं नाव निघताच तिला पहिल्यांदा आठवल्या त्या ३०५ नंबरमधल्या हारुए ओनुकी. वय एक्याऐंशी, अंगाने चिमणीएवढ्या. घराच्या पायरीवरून घसरून खुबा मोडला होता, ऑपरेशन झालं होतं. घर जुनं, संडास ओसरीच्या दुसऱ्या टोकाला. शहरातल्या मुलाने स्पष्ट सांगितलं होतं की आई स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जाऊ शकली तर घरी. नाहीतर त्याच्या शहरातल्या वृद्धाश्रमात, गाडीने अडीच तासांवर. पाच डिसेंबरला तो येऊन काय ते ठरवणार होता. हारुएंचे यजमान किचिझो, वय शहाऐंशी, रोज दोनच्या बसने यायचे, खिशात एक पिकलेलं परसिमनचं फळ घेऊन. अडीच तासांची गाडी रोज पकडणं त्यांच्याने होणार नव्हतं, हे आई, बाप, मुलगा तिघांनाही कळत होतं.

म्हणून शिझुयो रोज सकाळी हारुएंच्या कमरेला हात देऊन त्यांना व्हरांड्यात चालवायची. खाटेपासून मजल्यावरच्या संडासापर्यंत एकतीस पावलं. ऑक्टोबरात हारुए बावीसपर्यंत पोचल्या होत्या. नोव्हेंबरात गाडी उलटी फिरली. पंधरा. नऊ. एक दिवस उभं राहताच घेरी. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. तक्त्यावर मात्र सगळं ठीक होतं. सकाळचा चहा दोनशे मिली, दुपारचा दोनशे, तीनचा दोनशे. अक्षर शिझुयोचंच.

त्या गुरुवारी किचिझो आजोबा टोपी हातात घेऊन व्हरांड्यात तिची वाट बघत उभे होते.

"कुवाबारा-सान, तुम्ही घाईत आहात, पण एक विचारू का? आज ती मला बाबा म्हणाली."

"बाबा?"

"हो. म्हणाली, 'बाबा, गाईला पाणी दाखवलंत का?' आमच्याकडे गाय कधी नव्हतीच हो. तिच्या माहेरी होती." ते हसायला गेले आणि त्यांना जमलं नाही. "मी म्हटलं, दाखवलं. बरोबर केलं ना मी?"

"बरोबर केलंत," शिझुयो म्हणाली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि भुवया वर केल्या. "अंगात पाणीच नाही यांच्या. पितात ना?"

"रोज सहाशे," शिझुयोने सांगितलं.

सलाइन लावताना तिचं लक्ष खिडकीतल्या फुलदाणीकडे गेलं. आजोबांनी परसातून आणलेली कॉसमॉसची फुलं माना टाकून बसली होती. पाणी बदलावं म्हणून ती फुलदाणी घेऊन मोरीशी गेली, आणि ओतलं तर तपकिरी पाणी. भाजक्या चहाचा खमंग वास सुटला. नळ बंद करून ती रिकामी फुलदाणी तशीच हातात घेऊन निघाली.

परत आली तेव्हा ३०५ मधल्या बाकीच्या तिघीजणी एकदम खिडकीबाहेरचे डोंगर बघण्यात गर्क झाल्या होत्या. समोरच्या खाटेवर तोमिए सेगावा. वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं गावच्या महिला मंडळाच्या प्रमुख. मयताच्या जेवणापासून शाळेच्या क्रीडामहोत्सवापर्यंत त्यांच्या शब्दाशिवाय पातेलं चुलीवर चढत नसे.

"सेगावा-सान, फुलं चहा पितात का हो?"

"थंडी पडलीय. त्यांनाही वाटत असेल."

"सेगावा-सान."

तोमिएंनी एक मोठा सुस्कारा सोडला आणि दुलईखालून एक पाटी काढली. शिझुयोने ती बघताक्षणी ओळखली, कारण तिच्या गल्लीतही तसलीच पाटी घरोघर फिरते: कचऱ्याची पाळी कुणाची, गटार कधी साफ करायचं, वाचायचं, आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि शेजारणीच्या दारात ठेवायची. ही मात्र केकच्या खोक्याच्या झाकणाची होती आणि कपड्यांच्या चिमट्याने तिला कागद लावला होता.

'तिसऱ्या मजल्यावरील भगिनींना नम्र सूचना,' त्यावर सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं होतं. 'एक नर्स कमी झाली आहे. तरी बेल खोलीमागे तासाला एकदाच वाजवावी. जिची पाळी तिनेच वाजवावी आणि सगळ्यांची कामं एकदम सांगावीत. दुपारी बारानंतर चहा घेऊ नये, म्हणजे पुढची उठाठेव वाचेल. मात्र कप रिकामा दिसेल असं बघावं, नर्सबाईंना काळजी नको. कुवाबारा-सान यांचा डावा गुडघा दुखतो, त्यांना शक्यतो कोपऱ्यातल्या खोलीत बोलावू नये.'

खाली तेवीस लाल शिक्के. या खोऱ्यातली बाई इस्पितळात येताना एक वेळ कवळी विसरेल, शिक्का विसरणार नाही.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं करायला?" शिझुयोचा आवाज चढला.

"सांगायला कशाला हवं? डोळे आहेत की आम्हाला." तोमिएही काही कमी नव्हत्या. "सप्टेंबरात मी बेल वाजवली होती. तुम्ही दारातून 'आले हं' म्हणून पळालात, पाऊण तासाने आलात आणि कमरेत वाकून माझी माफी मागितलीत. वाकताना गुडघ्यावर हात दाबलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या एवढ्याशा लघवीपायी!"

"आणि ओनुकी-सान?"

तोमिएंचा चेहरा उतरला. "बारानंतर, असं लिहिलं होतं मी. ती सकाळचाही ओतून टाकते हे मला ठाऊक नव्हतं. तिला उठवायला दोघी लागतात ना. म्हणायची, माझं ओझं दुप्पट, तर माझी काटकसरही दुप्पट हवी." त्यांनी पाटी छातीशी धरली. "पाटी मी फिरवली, कुवाबारा-सान. तिचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या माथी."

"सहाशे मी लिहिलं," शिझुयो म्हणाली. "मी कप बघत होते. ओनुकी-सानकडे बघितलंच नाही."

एवढं बोलून ती स्टुलावर बसली आणि तिला रडू कोसळलं. आपल्या जेवणाचा निवांतपणा कुठून आला होता ते तिला आता कळलं होतं आणि त्याची तिला भयंकर लाज वाटत होती. तिघी म्हाताऱ्या तिच्याकडे बघत होत्या. शेवटी तोमिएंनी उशाखालचा कागदी रुमालांचा खोका तिच्यापुढे सरकवला.

संध्याकाळी तिने झाल्या चुकीचा अहवाल लिहिला आणि नागुमो-सानपुढे ठेवला. न बघता लिहिलेले आकडे, तारखांसकट.

"एकवीस वर्षांत तुझ्या नावाचा असा एक कागद नाही," नागुमो-सान म्हणाल्या. "हा वर गेला तर आधी तुलाच धरतील. माणसं कमी हे राहील बाजूला."

"धरू देत. पण आलेख खोटा आहे, हे दुसऱ्या कशाने सांगू?"

दुसऱ्या दिवशी पाटीवर नवा कागद लागला. 'चहा प्या. बेल वाजवा. कितीही वेळा. कुवाबारा.' आणि तिचा शिक्का. पाटी खाटेखाटेवरून फिरली, तेवीसपैकी बावीस शिक्के झाले आणि धून पुन्हा वाजू लागली. शिझुयो पुन्हा उभ्याने जेवू लागली. सलाइनने हारुए हळूहळू भानावर आल्या, शनिवारी यजमानांना ओळखून त्यांनी आधी झापलं, "एवढ्या थंडीत ही उन्हाळ्याची टोपी? लोक काय म्हणतील, बायको इस्पितळात काय गेली, वाऱ्यावर सोडला!" आजोबा टोपीत तोंड खुपसून हसले की रडले, कुणाला नीट कळलं नाही.

सोमवारी सकाळी हारुएंनी पहिल्यांदा बेल वाजवली. दहा वाजून दहा मिनिटांनी.

शिझुयो तेव्हा कोपऱ्यातल्या खोलीत होती. एका आजोबांच्या घशात घास अडकला होता आणि त्यांना सोडून हलणं शक्य नव्हतं. दोघीजणी आंघोळी घालत होत्या, चौथी ऑपरेशनहून आलेल्या पेशंटपाशी. खिशात धून वाजत राहिली. ती ३०५ मध्ये पोचली तेव्हा दहा बत्तीस झाले होते. हारुए खाटेच्या कडेला खाली मान घालून बसल्या होत्या. गादी भिजली होती, मोजेही.

"तुम्ही सांगितलंत म्हणून वाजवली," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती आणि तेच ऐकवत नव्हतं.

शिझुयोने चादर काढली, गरम पाण्यात टॉवेल पिळला आणि त्यांचे काटकुळे पाय पुसले. पुसता पुसता म्हणाली, "माझी चूक. पण पुन्हा वाजवा, ओनुकी-सान."

"पुन्हा असंच झालं तर?"

शिझुयोला खोटं बोलवेना. "होईलही. तरी वाजवा."

"मग त्या कागदावर मी शिक्का नाही मारणार. जे पाळता येईल त्यावरच मारते मी." आणि मग अगदी हळू, "मला घरी जायचंय हो. घरी निदान कोरडं राहता येतं."

"ती पाटी इकडे आणा," समोरच्या खाटेवरून तोमिए गरजल्या. चष्मा नाकावर चढवत त्यांनी नवा कागद लावला. "आमच्या वाडीच्या पुलाला कठडा हवा म्हणून आम्ही बारा वर्षं नगरपालिकेला सांगत होतो. तोंडी. माना डोलवायचे. मग आम्ही पुलावर पाटी टांगली. कोण घसरलं, कधी घसरलं, लिहायचं आणि शिक्का मारायचा. तीन महिन्यांत कठडा आला! शिक्क्याचा कागद फेकून द्यायची इथे कुणाची छाती नाही."

त्यांनी रेघा मारल्या. बेल कधी वाजवली. नर्स कधी आली. मध्ये काय झालं. खाली नाव, शिक्का.

"यात तुमचंच नाव जास्त वेळा येईल हं, कुवाबारा-सान," त्यांनी बजावलं. "सगळ्यात जास्त तुम्हीच पळता."

"येऊ दे. खरं तेच लिहा."

पहिली ओळ हारुएंनी लिहिली. 'दहा दहाला वाजवली. दहा बत्तीसला आल्या. भिजले.' मग त्यांनी बटव्यातून शिक्का काढला, त्यावर 'हाऽ' करून फुंकर घातली आणि दाबून मारला.

अठ्ठावीस नोव्हेंबरच्या बैठकीत शिझुयोने आपला अहवाल हिरोसे-सानपुढे ठेवला आणि त्यावर पाटीचे अकरा कागद. आधी त्यांनी नुसते चाळले. मग चाळायचे थांबले आणि वाचू लागले. 'वीस मिनिटं. भिजले.' 'पस्तीस मिनिटं. गोळी सांडली, शोधत बसले.' 'पाच मिनिटं. उत्तम. पळत आल्याने कुवाबारा-सानना बोलता येत नव्हतं.' एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. 'सव्वाला वाजवली. दोनला दहा कमी असताना आल्या. काही नाही, थांबले. मासु इवासे.' इवासेबाई तिसरीत त्यांच्या वर्गशिक्षिका होत्या. खोरं ते केवढं!

"या इथे आहेत?" ते म्हणाले.

"३०८ मध्ये. महिना झाला," नागुमो-सान म्हणाल्या. आणि मग कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बैठकीत मान वर केली. "हिरोसे-सान, तिघींच्या पाळीपत्रकावर मी सही करणार नाही. माझ्या जागी दुसरी आणा आणि तिच्याकडून करून घ्या."

आता सगळं गोड झालं असं सांगायला मलाही आवडलं असतं. पण पाचवी नर्स काही आली नाही. तिच्या जागेची जाहिरात अजून खालच्या दारावर ऊन खात लटकते आहे. शिझुयोच्या नावावर तिच्या चुकीचा शेरा बसला, तो बसलाच. चौथी मात्र मजल्यावर राहिली. आणि चौथी राहिली म्हणून सकाळी वीस मिनिटं हारुएंच्या कमरेला हात द्यायला एक माणूस मोकळं राहिलं. अठरा पावलं. चोवीस. सत्तावीस. पाच डिसेंबरला मुलगा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता, किचिझो आजोबा दोन्ही हातांनी टोपी पिळत होते आणि तोमिए दारात चाकाच्या खुर्चीवर बसून मोठ्याने आकडे म्हणत होत्या. अठ्ठावीसला हारुए थांबल्या. श्वास घेतला. एकतिसाला त्यांनी संडासाच्या दाराची कडी धरली आणि मागे वळून म्हणाल्या, "आता सगळे जा बघू इथून. मला आत काम आहे."

त्या घरी निघाल्या त्या सकाळी ३०५ मधून बेल वाजली. शिझुयो धावत गेली. हारुए स्वेटर घालून, केस विंचरून खाटेवर बसल्या होत्या. आजोबांच्या हातात बोचकं. पुढ्यातल्या टेबलावर वाफाळता चहा.

"काय झालं? दुखतंय का?"

"काही नाही. बसा."

"ओनुकी-सान, मला अजून औषधं..."

"बसा म्हणते ना." शिझुयो बसली. हारुएंनी कप तिच्याकडे सरकवला. "त्या ढकलगाडीच्या खालच्या खणात तुमची निळी बाटली असते. तीन महिने मी या खाटेवरून बघतेय. सकाळी जेवढी भरलेली, तेवढीच संध्याकाळी. संडासाला जायला तुम्हालाही वेळ नसतो, होय ना?"

शिझुयोची नजर दाराबाहेरच्या ढकलगाडीकडे गेली.

"चहा न पिता दिवस काढायचा, हे मला सेगावाने नाही शिकवलं, पोरी. ते मी तुझ्याकडे बघून शिकले."

खिशात धून वाजली. सवयीने शिझुयो अर्धी उठली. तेवढ्यात धून थांबली आणि व्हरांड्यातून दुसऱ्या कुणाची तरी पावलं धावत गेली. चौथी होती. शिझुयो परत टेकली. कप दोन्ही हातांत धरून ती घोटाघोटाने चहा प्यायली आणि हारुए तिच्या गळ्याकडे बघत राहिल्या, प्रत्येक घोट खाली उतरेपर्यंत. मग त्यांनी पाटी मांडीवर ओढली आणि शेवटच्या ओळीत सावकाश लिहिलं, 'कुवाबारा-सान. चहा, दोनशे. पिताना बघितलं.'

खाली शिक्का मारला आणि पाटी तोमिएंच्या खाटेवर ठेवायला त्या स्वतःच्या पायांनी चालत गेल्या.